स्टॉपर पुढे पाठवला तो दिवस

“तुम्हाला काय वाटलं मास्तर, ती मॅच तुम्ही जिंकलीत? दिली होती त्यांनी! भीक घालतात तशी दिली होती!”

सेकुला हे ओरडला आणि लगेच गप्प झाला. काय बोलून बसलो हे त्याला ओरडून झाल्यावर कळलं. क्लबच्या ऑफिसात तो आणि म्हातारा त्रिफुन, दोघंच. टेबलावर दोन कॉफ्या. भिंतीवर बंद पडलेल्या वीटभट्टीचं कॅलेंडर. भट्टी गेली, कॅलेंडर कुणी काढलं नाही. क्लबचं नावही तेच राहिलं, सिग्लार, म्हणजे वीट पाडणारा. गावात आता कुणी एक वीट पाडत नाही.

“कुठली मॅच?” त्रिफुनने विचारलं. कुठली ते त्याला माहीत होतं.

“सोडा.”

“कुठली मॅच, सेकुला?”

“शरदातली. वर्बिकला जाऊन त्यांच्या म्लिनार क्लबला हरवलंत ती.” सेकुला खुर्चीत बसला. क्लबचा अध्यक्ष तो. लाकडाची वखार त्याची, पेट्रोल पंप त्याचा, आता अकरा पोरंही त्याचीच. “आपण तळाला होतो तेव्हा. मी त्यांच्या अध्यक्षाकडे गेलो, एक बकरू कापलं, बोलणं झालं. तिनाला तीन. आता ते तळाला आहेत. आज जिंकले तर वाचतात, नाहीतर खालच्या लीगमध्ये जातात. आपल्याला आज जिंकून काय मिळणारे? काही नाही. मग द्यायचे परत. यात एवढं लाल व्हायचं काय आहे?”

तिनाला तीन हे आमच्या विभागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. शरदात तुझं बुडत असेल तर मी तुला जिंकू देतो, वसंतात माझं बुडालं तर तू मला. जिंकण्याचे तीन गुण मिळतात, ते तीन द्यायचे, तीन घ्यायचे. कागद नाही, सही नाही. पण शब्द मोडलास तर पुढच्या वर्षी सगळी लीग एक होते आणि तुला गाडते.

“पोरांना माहीत होतं?”

सेकुलाने कॉफीत बघितलं.

“ल्युबिशाला? ज्याने गोल मारला त्याला?”

“अहो, सगळ्या गावाला माहीत होतं.” आता सेकुलाचा आवाज खाली आला होता, आणि तेच जास्त वाईट होतं. “तुम्हाला कळलं नसेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढी वर्षं फुटबॉलमध्ये काढलेला माणूस तुम्ही. मला वाटलं, कळलंय पण बोलत नाहीत. मोठ्या माणसांसारखं.”

त्रिफुन उठला. कॉफी तशीच राहिली.

“मास्तर, संघ तुम्हीच लावा हां! तो मान तुमचाच!” सेकुला मागून म्हणाला.

मान म्हणे.

*

क्लबच्या इमारतीत खाली कपडे बदलायच्या खोल्या, वर एक खोली. पूर्वी भट्टीचे पाहुणे तिथे उतरत. आता त्रिफुन राहायचा. पलंग, कपाट, खिडकीतून अर्धं मैदान आणि भट्टीचं धुराडं. धुराड्यावर करकोच्यांचं घरटं.

तीस वर्षं हा माणूस कोच होता आणि तीस वर्षांत त्याने बॅग कधी पूर्ण रिकामी केली नव्हती. ट्युनिशियात नाही, कुवेतमध्ये नाही, सायप्रसला तर नाहीच. कोचने बॅग रिकामी केली की दुसऱ्या दिवशी हाकलतात, असं म्हणायचे आणि ते खरंच होतं. बायको मिरोस्लावा पहिली काही वर्षं त्याच्या बॅगेबरोबर फिरली. मग म्हणाली, “मी काय सामान आहे?” आणि पोरीकडे स्वीडनला जाऊन राहिली. तिथेच गेली. तिला पुरलं तेव्हा त्रिफुन ट्युनिसच्या विमानतळावर बसला होता.

त्याआधी तो खेळाडू होता. बरा होता. स्टॉपर, मागच्या फळीचा. गोलकीपरच्या पुढ्यात उभं राहायचं आणि जो येईल त्याला अडवायचं. राजधानीतल्या मोठ्या क्लबात खेळला. स्टॉपरने अर्ध्या मैदानाची रेघ ओलांडायची नाही, हे तेव्हाच्या कोचांचं वेद-बायबल. त्रिफुनला वाटायचं, एकदा जाऊ द्या हो मला पुढे. मी उंच आहे, माझं डोकं चांगलं आहे, शेवटच्या काही मिनिटांत कुणाच्या ध्यानीमनी नसताना जातो. कुणी जाऊ दिलं नाही. “तू मागे थांब,” म्हणायचे. एकदा देशाच्या संघात बोलावलं, तेव्हा तर बाकावरच बसवलं. तिथे मागे पण नाही आणि पुढे पण नाही. अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत परदेशी खेळायला सोडत नसत, आणि अठ्ठावीस होईपर्यंत त्याचा गुडघा निकामी झाला. तो गुडघा घेऊन बेल्जियमला गेला, थोडा लंगडत खेळला, मग शिट्टी गळ्यात घातली.

आणि ज्या देशाच्या बाकावर बसला होता तो देश, हा कुवेतमध्ये असताना, तुटून गेला. त्याचा पासपोर्ट अजून चालू होता. देश आधी संपला.

तर असा माणूस म्हातारपणी आपल्या गावी परत आला, ग्रबोवाकला, आणि या पोरांना शिकवायला लागला. पहिला अर्धा मोसम नुसता मार खाल्ला. पोरीने, नेवेंकाने, फोनवर सांगितलं, “बाबा, पुरे आता. इकडे या. खोली आहे, बाग आहे.” तो येतो म्हणालाही होता.

आणि मग शरदात ती वर्बिकची मॅच झाली. बरोबरीत होती. शेवटची काही मिनिटं उरली होती. कॉर्नर मिळाला. त्रिफुन बाकावरून उठला आणि ओरडला, “ल्युबिशा! पुढे!” ल्युबिशा स्टॉपर. टायरच्या दुकानात काम करतो, दारात उभा राहिला तर दार दिसत नाही. तो पुढे गेला, उडाला, डोकं लावलं. गोल.

त्या रात्री त्रिफुनने पोरीला फोन केला. म्हणाला, “नेवेंका, अजून जमतंय गं मला. आत्ता येत नाही.” आणि आयुष्यात पहिल्यांदा बॅग पूर्ण रिकामी केली. शर्ट कपाटात टांगले. बॅग कपाटाच्या वर, भिंतीला लावून ठेवली.

आता तो खोलीच्या दारात उभा राहून त्या बॅगेकडे बघत होता. तिच्यावर धूळ होती.

*

खाली मिलुंका इस्त्री करत होती. क्लबचे कपडे ती धुते, सांधते, मैदानावर पांढऱ्या रेघाही तीच मारते. नवरा भट्टीत होता तेव्हापासून. संघ बाहेरगावी खेळायला निघाला की ती फाटकात उभी राहते, आणि बस हलली की मागच्या चाकांवर निळ्या किटलीतून पाणी ओतते. आमच्याकडे जाणाऱ्याच्या पाठीमागे पाणी ओततात. पाणी कसं अडत नाही, तशी त्याची वाट अडू नये म्हणून. परीक्षेला निघालेल्या पोरामागे, सैन्यात निघालेल्यामागे, कुणाही मागे.

“खाल्लंस का काही?” तिने वर न बघता विचारलं.

“तुला माहीत होतं?”

इस्त्री थांबली. मग पुन्हा चालू झाली.

“सेकुलाच्या तोंडाला झाकण नाही,” ती म्हणाली.

“माहीत होतं की नाही?”

“होतं.”

“मग त्या दिवशी पाणी कशाला ओतलंस? ठरलेल्या मॅचला कसलं आलंय पाणी?”

“मॅचला ओतलं नव्हतं.” तिने शर्ट उलटा केला. पाठीवर पाच नंबर, ल्युबिशाचा. “बसमध्ये तू होतास. तुला माहीत नव्हतं. एवढ्या माणसांत जिंकायला निघालेला तू एकटाच होतास.”

“सांगायचं ना मग!”

“कधी सांगायचं? तू बसमधून उतरलास तेव्हा? तोंड बघितलं होतंस का स्वतःचं?” ती चिडली. “माझ्यावर नको ओरडूस. मी इस्त्री करते, संघ नाही लावत. पाय आहे टेबलाच्या खणात, खा. गार झालाय.”

पाय म्हणजे पालक नि चीज भरून भाजलेला पिठाचा पदार्थ, तिने घरून आणलेला. त्रिफुनने खाल्ला नाही. बाहेर पडला.

*

चौकातल्या कॅफेत त्याचं एक टेबल होतं. खिडकीजवळचं. तिथे बसून तो त्या मॅचची गोष्ट सांगायचा. साखरेच्या वड्या मांडायचा. ह्या चार वड्या आपली मागची फळी, हा कप त्यांचा गोलकीपर, ही राख झटकायची बशी कॉर्नर. “आणि मग मी काय केलं? स्टॉपर उचलला,” असं म्हणून एक वडी उचलायचा, “आणि इथे!” कपासमोर ठेवायचा. न्हावी मान डोलवायचा. पोस्टमन म्हणायचा, “पुन्हा दाखवा मास्तर, मी मघाशी नव्हतो.” कितीदा तरी दाखवलं असेल. पूर्ण हिवाळा.

आज तो आत आला तसं पत्ते खेळणाऱ्यांचं बोलणं थांबलं. लगेच पुन्हा सुरू झालं, जरा जास्तच मोठ्याने. गावात बातमी माणसाच्या आधी पोचते, आणि सेकुलाच्या ऑफिसची भिंत पातळ.

“मास्तर, कॉफी?” मालकाने विचारलं. “आज माझ्याकडून.”

आज माझ्याकडून. त्रिफुनच्या कानशिलाला आग लागली, पण तो बसला. कॉफी आली. शेजारी साखरेच्या वड्यांची बशी. त्याचा हात आपोआप गेला. चार वड्या. कप. बशी.

स्टॉपर उचलला. कपासमोर ठेवला.

आणि मग तो जिथून उचलला होता ती जागा त्याला दिसली.

रिकामी. मोठं भगदाड. तिथून बैलगाडी गेली असती. स्टॉपर पुढे गेला की मागे हे होणारच, म्हणून तर त्याला आयुष्यभर कुणी पुढे जाऊ दिलं नव्हतं. त्रिफुनला हे कळत नव्हतं का? झोपेतसुद्धा कळलं असतं. मग वर्बिकला त्या भगदाडात कुणी का शिरलं नाही? त्यांचा तो काटकुळा फॉरवर्ड, वाऱ्यासारखा पळणारा, तो कुठे होता तेव्हा?

आठवलं. अगदी स्पष्ट आठवलं. तो गुडघा टेकून बुटाची नाडी बांधत होता. अर्ध्या मैदानाच्या रेघेवर, आरामात. त्रिफुनने तेव्हाच बघितलं होतं ते. बघितलं होतं आणि त्याच्यावर डोळे ठेवायचे नव्हते म्हणून दुसरीकडे बघितलं होतं. सगळा हिवाळा वड्या मांडल्या, पण त्या काटकुळ्यासाठी वडी कधी मांडली नाही.

न्हावी त्याच्याकडे बघत होता. त्रिफुनने बघितलं तसा त्याने पत्ता टाकला. चुकीचा टाकला, त्यावरून त्यांची भांडाभांडी झाली. कुणालातरी बोलायला विषय मिळाला.

*

म्लिनारची बस दुपारी आली. आधी आंजेल्को उतरला. त्यांचा कोच. डोक्यावर नेहमीची टोपी, पोट दोन बोटं पुढे आलेलं. तरुणपणी दोघं एका क्लबात, त्रिफुन स्टॉपर, हा डावीकडचा हाफ. पळायचा आंजेल्को, शिव्या खायचा त्रिफुन. नंतर त्यानेही शिट्टी घातली, तोही बॅग घेऊन देशोदेशी फिरला. त्याला निदान बायको उरली होती. ती पायाने अधू होती आणि आंजेल्कोच्या पगारावर घर होतं. म्लिनार खाली गेला तर कोच जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

शरदात मॅच संपल्यावर ह्याच आंजेल्कोने त्रिफुनचा हात दोन्ही हातांत धरला होता. “हरवलंस मला आज. चांगलं खेळवलंस पोरांना,” म्हणाला होता. त्रिफुनला ते वाक्य सगळा हिवाळा पुरलं होतं.

“काय रे, लंगड्या,” आंजेल्को म्हणाला.

“काय रे, ढेरपोट्या.”

दोघं गोलपोस्टच्या मागे जाऊन उभे राहिले, जाळ्याला पाठ लावून. आंजेल्कोने सिगारेट काढली, त्रिफुनला दिली, आपण एक पेटवली.

“कळलं वाटतं तुला,” आंजेल्को म्हणाला.

“आज सकाळी.”

“आज?” आंजेल्कोने सिगारेट तोंडातून काढली. “अरे देवा. मला वाटलं...”

“सगळ्यांना तेच वाटलं. एक विचारू? खरं सांग. खोटं बोललास तर इथेच बुटाने हाणीन.”

“विचार.”

“तो गोल. ल्युबिशाचा. तसाच ठरला होता?”

मैदानावर मिलुंका चुन्याची गाडी ढकलत पेनल्टीची रेघ मारत होती. सरळ, एका दमात.

“नाही,” आंजेल्को म्हणाला. “आम्ही पेनल्टी द्यायची ठरवली होती. आमचा बॅक हात लावणार होता बॉलला. त्याच्या आधीच तू उठलास आणि बोंबललास. आमची पोरं गोंधळली. माझ्याकडे बघायला लागली, आता काय करायचं म्हणून.”

त्रिफुन जाळ्यापासून सरळ झाला. “म्हणजे तो गोल दिलेला नव्हता.”

“दिलेला नव्हता.” आंजेल्कोने राख झटकली. “पण कुणी अडवलाही नव्हता, त्रिफुन.”

वर घरट्यात करकोचा चोच वाजवत होता.

“मग मला येऊन ते कशाला म्हणालास? चांगलं खेळवलंस वगैरे?”

“तू इतका खूश होतास,” आंजेल्को म्हणाला. “तुला इतका खूश मी कधीच बघितला नव्हता. क्लबात असतानाही नाही.” त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. “आज काय करणारेस?”

“संघ लावणारे.”

“आणि?”

“आणि काही नाही. माझं ऐकतंय कोण?”

आंजेल्कोने मान हलवली. बायकोबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर त्रिफुनला बरं वाटलं असतं. रागावता तरी आलं असतं.

*

ड्रेसिंग रूममध्ये त्रिफुनने संघ लावला. नेहमीसारखा. कोण कुणाला धरणार, कॉर्नरला कोण कुठे, सगळं नीट. पोरं बूट बघत बसली होती. अंत्यविधीला बसतात तशी.

“काही विचारायचंय?” त्याने विचारलं.

ल्युबिशाने तोंड उघडलं. “मास्तर, ते शरदातलं...”

“खेळाबद्दल काही विचारायचंय?”

“नाही.”

“मग चला.”

मॅच सुरू झाली. आणि काय सांगायचं! हरायचं म्हटलं तरी समोरच्याला जिंकता यायला हवं ना? म्लिनारची पोरं भीतीने अशी आखडली होती की त्यांना उघड्या गोलात बॉल घालता येईना. आमचा गोलकीपर तर एकदा चक्क गवतावर बसला, मुद्दाम, पाय मुरगळल्यासारखं करून. त्यांच्या पोराने बॉल थेट भट्टीच्या आवारात मारला. प्रेक्षक सूर्यफुलाच्या बिया खात होते, टरफलं थुंकत होते आणि हसत होते. “अरे, हाताने टाक!” कुणीतरी ओरडलं. “मास्तर, त्यांना पण जरा शिकवा!”

त्रिफुन बाकाजवळ उभा राहून ओरडत होता. “डावीकडे! माणूस धर! लवकर सोड बॉल!” एवढ्या मैदानावर खरीखुरी मॅच एकटा तोच खेळवत होता. काही पोरं सवयीने त्याचं ऐकून जायची, मग आठवायचं, मग थांबायची. मध्यंतरात सेकुला खाली आला आणि दातओठ खात म्हणाला, “मास्तर, ओरडू नका ना, पोरं चुकून खेळायला लागतात.”

दुसऱ्या अर्ध्यातही तेच. शून्य-शून्य. वेळ संपत आली. पलीकडच्या बाकाजवळ आंजेल्को उभा होता, टोपी हातात घेऊन. तो ओरडत नव्हता. कुणाला शिव्या देत नव्हता. तो फक्त घड्याळाकडे बघत होता, आणि त्याचं तोंड एकदम म्हाताऱ्या बाईसारखं दिसायला लागलं होतं.

तेव्हा कॉर्नर मिळाला. आपल्याला. कुणी मागितला नव्हता, बॉल एका बॅकच्या नडगीला लागून गेला बाहेर.

त्रिफुन दोन पावलं पुढे आला, रेघेपर्यंत.

“ल्युबिशा!” तो ओरडला. “पुढे!”

सगळं मैदान गप्प झालं. बियांचा आवाजसुद्धा थांबला. ल्युबिशाने वळून बघितलं. आधी त्रिफुनकडे, मग वर, सेकुला बसला होता तिकडे. सेकुला उभा राहिला होता. त्याचा चेहरा विटेसारखा झाला होता.

ल्युबिशा पळत कडेपर्यंत आला. “मास्तर,” तो हळू म्हणाला, “मागे मोकळं राहील.”

“माहितीये मला.”

“तो काटकुळा मोकळा आहे. बॉल सुटला तर...”

“माहितीये म्हणालो ना? त्याच्या बुटाच्या नाड्या बघितल्यास का? आज घट्ट बांधल्यात.” त्रिफुनने त्याच्या छातीवर बोट ठेवलं. “द्यायचंच असेल तर माझ्या हातून जाऊ दे. तू मन लावून उडी मार. गोल झाला तर झाला. जा, पुढे जा.”

ल्युबिशा गेला. आणि मन लावून उडाला, हे त्या पोराबद्दल कुणीही कबूल करेल. डोकं लागलं. बॉल आडव्या दांडीला आपटला, असा आपटला की घरट्यातले करकोचे उडाले. तिथून तो परत मैदानात आला, एकाच्या पायाला लागला, दुसऱ्याने भिरकावला, आणि अर्ध्या मैदानाच्या पलीकडे तो काटकुळा एकटा. पुढे कोणी नाही. साखरेची वडी जिथून उचलली होती नेमकी तीच जागा.

तो पळाला. शेवटी एकदाचा नीट मारला.

म्लिनारची पोरं एकमेकांवर पडून रडायला लागली. आमच्या लोकांनी बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारायला सुरुवात केली, त्रिफुनला. “म्हातारं खुळं झालं!” “एकदा नशिबाने झालं तर रोज करतो का, ए बाबा!” “मास्तर, वड्या मांडा आता!” त्यांना वाटलं, सूड म्हणून जिंकायला गेला आणि तोंडावर आपटला. वाटू दे. त्रिफुन हात मागे बांधून उभा होता आणि सगळं अंगावर घेत होता. स्टॉपरचं कामच ते.

शेवटची शिट्टी झाली. आंजेल्को मैदान ओलांडून आला. मैदानावर एवढी माणसं, पण काय झालं ते ल्युबिशाखेरीज त्याला एकट्याला कळलं होतं.

त्रिफुनने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“हरवलंस मला आज,” तो म्हणाला. “चांगलं खेळवलंस पोरांना.”

आंजेल्कोने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

*

बॅग भरायला वेळ लागला नाही. शर्ट होते ते शर्ट, दाढीचं सामान, पोरीचा फोटो. धूळ पुसली नाही. खाली येताना सेकुला जिन्यात भेटला. आता तो खुशीत होता, राकियाच्या दारूचा वास मारत होता. “मास्तर! काय नाटक केलंत! मला तर हार्ट अटॅक यायचा! पुढच्या वर्षीचं बोलू आपण, आत्ताच बोलू, या...” मग त्याला बॅग दिसली. “हे काय? अहो, कुठे?”

त्रिफुनने किल्ली त्याच्या वरच्या खिशात टाकली आणि पुढे गेला.

वर्बिकहून बेलग्रेडला जाणारी संध्याकाळची बस मैदानाच्या फाटकासमोरच थांबते. ऊन तिरपं झालं होतं. धुराड्याची सावली मैदान ओलांडून पलीकडच्या गोलपर्यंत गेली होती. करकोचे परत आले होते. फाटकाजवळच्या नळावर मिलुंका उभी होती, पुढ्यात मातीने भरलेल्या मोज्यांची बादली.

तिने बॅग बघितली. हात ॲप्रनला पुसले.

“पोरीकडे?”

“आधी बेलग्रेड. मग बघू.”

“तिला कळवलंस?”

“कळवीन.”

“म्हणजे नाही कळवलंस.” तिने नाक ओढलं. “पाय तसाच आहे टेबलाच्या खणात. कागदात बांधून देते.”

“नको गं.”

वळणावर बस दिसली. मिलुंकाने इकडेतिकडे बघितलं, भिंतीवरच्या खिळ्याची निळी किटली घाईघाईने काढली, नळाखाली धरली. नळ पूर्ण फिरवला. आत पोरं आंघोळीला लागली होती, सगळं पाणी तिकडे चाललं होतं. नळाला करंगळीएवढीसुद्धा धार नव्हती. किटलीच्या तळात नुसता टपटप आवाज.

“थांब जरा,” ती म्हणाली. “भरू दे.”

बस येऊन थांबली. दार उघडलं. ड्रायव्हरने आतून बघितलं, म्हाताऱ्याला ओळखलं असेल नसेल, हॉर्न दिला.

“ए पोरांनो, बंद करा रे ते पाणी!” मिलुंका भिंतीकडे तोंड करून ओरडली. आतून कुणीतरी गाणं म्हणत होतं. कुणाला ऐकू गेलं नाही. “मेल्यांनो, दोन मिनिटं बंद करा!”

पुन्हा हॉर्न.

“निम्मी तरी होऊ दे, त्रिफुन. नुसता तळ ओला झालाय. असं कोरडं कुणी जातं का?”

त्रिफुनने एक पाय पायरीवर ठेवला, दुखरा गुडघा उचलायला दांडा धरला.

“मिलुंका, मला आता निघायलाच हवं.”